नावे की उधार? ओपन सोर्सच्या मदतपुस्तिका आणि आपण बडोदेकर

बडोद्यात कॉमर्स शिकलेल्या आपल्या पिढीतल्या अनेकांना एक जुना घोळ आठवत असेल. शाळेत नामुं गुजरातीतून, घरी भाषा मराठी. गुरुजी डेबिटला 'उधार' म्हणायचे आणि क्रेडिटला 'जमा'. घरच्या जुन्या वहीत मात्र डेबिटच्या जागी 'नावे' लिहिलेले असे, आणि 'उधार' म्हणजे वाण्याकडून पैसे न देता आणलेला माल. तिकडचे 'काचुं सरवैयुं' म्हणजे आपली तेरीज, 'पाकुं सरवैयुं' म्हणजे ताळेबंद. 'घसारा' तेवढा दोन्हीकडे जवळजवळ सारखा. हा घोळ आपण कधी तक्रारीने सांगितला नाही. दोन्ही वह्या वाचता येतात याचा थोडा अभिमानच होता.

ही जुनी गोष्ट आज काढण्याचे कारण असे की संगणकाच्या पडद्यावर 'नावे' यावे, 'उधार' यावे की नुसते 'डेबिट', हे सध्या कुठे ना कुठे ठरते आहे. ते ठरवणारे कोणतेही सरकारी खाते नाही की विद्यापीठ नाही. जे वेळ काढून लिहितात ते ठरवतात. आणि कुणीच लिहिले नाही तर यंत्र ठरवते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण सर्वांनी आनंद केला. पण दर्जा मिळाला म्हणून एकाही सॉफ्टवेअरची मदतपुस्तिका मराठीत आली नाही. ती लिहावी लागते.

ओपन सोर्स आणि त्याची पुस्तिका

ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे, जे कुणीही वापरावे, पाहावे, सुधारावे असे सॉफ्टवेअर. फायरफॉक्स, लिबरऑफिस ही नावे आपल्या घरांत पोहोचली आहेत. हिशेबासाठी ग्नूकॅश नावाचे सॉफ्टवेअर १९९८ पासून आहे आणि ते चकटफू मिळते. पण सॉफ्टवेअर फुकट मिळाले म्हणून वापरता येत नाही. बटण दाबल्यावर काय होते, चूक झाली तर मागे कसे यायचे, हे समजावणारी पाने लागतात. त्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात. ही पानेही खुली असतात. वाचणाऱ्याला चूक दिसली तर तो दुरुस्ती सुचवू शकतो.

या कामाची अवस्था काय आहे? गिटहब या संस्थेने २०१७ मध्ये ओपन सोर्सवाल्यांची पाहणी केली होती. अपुरी किंवा जुनी झालेली मदत-पाने ही मोठी अडचण आहे, असे ९३ टक्के लोकांनी सांगितले. आणि योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के म्हणाले की आपण या पानांच्या कामाला क्वचित हात लावतो किंवा कधीच लावत नाही. म्हणजे दुखणे सर्वांना ठाऊक, औषध द्यायला कुणी नाही.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून नवल वाटत नाही. आमच्या शाखेत संगणक आले त्या वर्षीची गोष्ट. एका संध्याकाळी डे-एंड काही केल्या होईना. सर्व स्टाफ रात्री नऊपर्यंत बसून. शेवटी एका तरुण क्लार्कच्या लक्षात आले की सूचना-पुस्तिकेत दोन पायऱ्यांचा क्रम उलटा छापला आहे. क्रम बदलला, काम झाले. त्याने पेन्सिलीने आमच्या प्रतीत दुरुस्ती करून ठेवली. पुढे दुसऱ्या शाखेत बदली झाली, तर तिथे तीच पुस्तिका, तीच चूक, आणि तसेच रात्रीपर्यंत बसणे. आमची पेन्सिल आमच्याच कपाटात राहिली होती.

ओपन सोर्सची पाने या एका बाबतीत वेगळी आहेत. एकाची पेन्सिल सर्वांच्या प्रतीत उमटते. मात्र आपोआप नाही. तुम्ही दुरुस्ती सुचवता. त्या प्रकल्पाचा सांभाळ करणारा ती तपासतो, शंका विचारतो, मग मान्य करतो किंवा परत पाठवतो. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद कायम राहते. बँकेतल्या मंडळींना हे वेगळे समजवायला नको. हे आपले मेकर आणि चेकर. एकाने व्हाउचर करायचे, दुसऱ्याने पास करायचे, आणि ऑडिटला सर्व कागद हजर.

टी-शर्टसाठी केलेली दुरुस्ती

आता अप्रिय भागाकडे येऊ. दर ऑक्टोबरमध्ये 'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा उपक्रम होतो. डिजिटलओशन या अमेरिकन कंपनीने तो २०१४ मध्ये सुरू केला. ओपन सोर्स प्रकल्पांना काही दुरुस्त्या पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी त्याची योजना होती. २०२० साली चार दुरुस्त्यांची अट होती. त्या वर्षी भारतातल्या एका लोकप्रिय यूट्यूब वाहिनीवर दुरुस्ती कशी पाठवायची याचे प्रात्यक्षिक दाखवले गेले. उदाहरण म्हणून माहितीच्या पानावर दोन-तीन कौतुकाचे शब्द वाढवले. पाहणाऱ्यांनी तेच केले. जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक दुरुस्त्यांचा पाऊस पडला. फुकट काम करणारे सांभाळकर्ते हैराण झाले. काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावा लागला की ज्या प्रकल्पांनी स्वतःहून सहभाग कळवला आहे त्यांच्याच दुरुस्त्या मोजल्या जातील.

धडा मिळाला असे वाटले होते. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये 'एक्सप्रेस' या अतिशय वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पावर तीच पाळी आली. पुन्हा भारतातलाच शिकवणीचा व्हिडिओ, पुन्हा उदाहरणापुरता घेतलेला खरा प्रकल्प, आणि त्याच्या माहितीच्या पानात आपापली नावे घालू पाहणारे विद्यार्थी.

यात मुलांना झोडपणे सोपे आहे. आम्हाला ते पटत नाही. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना सांगितलेले असते की गिटहबवरचा हिरव्या चौकोनांचा तक्ता भरलेला दिसला की नोकरीच्या मुलाखतीत वजन पडते. मोजले जाते तेच केले जाते. २०१६ मध्ये वृत्तपत्रांत बातमी आली होती की शून्य शिल्लक असलेल्या जनधन खात्यांचा आकडा खाली आणण्यासाठी काही ठिकाणी बँक कर्मचाऱ्यांनीच खात्यांत एकेक रुपया भरला. एक रुपयाचे खाते आणि दोन शब्दांची दुरुस्ती एकाच जातीची. आकडा सुधारतो, काम तिथेच राहते.

म्हणून खरा प्रश्न असा की आपल्याकडच्या मुलांना करण्यासारखे खरे काम कोण दाखवणार?

कुणासाठी लिहायचे?

उत्साहाच्या भरात सर्व काही मराठीत आणा म्हणणे सोपे आहे. पण हिशेबी माणसाने आधी विचारावे की वाचणारा कोण?

वेबसाइट बनवणाऱ्यांचा जगभरचा आधार म्हणजे मोझिलाने उभी केलेली एमडीएन ही पाने. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचा सर्व मजकूर गिटहबवर नेला गेला, आणि नंतर ज्या भाषांतली भाषांतरे सांभाळायला माणसे नव्हती त्या भाषा काढून टाकल्या गेल्या. फ्रेंच, जपानी, कोरियन, रशियन, चिनी अशा मोजक्या भाषा राहिल्या. भारतीय भाषा एकही नाही. आपल्याला वाईट वाटेल, पण निर्णय चुकीचा नव्हता. पाच वर्षांपूर्वीची आणि आज लागू नसलेली माहिती स्वभाषेत वाचून वाचक फसतो. त्यापेक्षा पान नसलेले बरे. भाषांतर हे मुदत ठेवीसारखे नाही की एकदा ठेवले आणि विसरलो. ते चालू खाते आहे. त्यात भर घालत राहावी लागते.

दुसरीकडे कुबरनेटिस या मोठ्या संगणकव्यवस्था चालवणाऱ्या प्रकल्पाच्या मदत-पानांत हिंदी आणि बंगाली आहेत. ती स्वयंसेवकांनी केली. मराठीत तसे व्हावे का? आमचे प्रांजळ मत असे की तो प्राधान्याचा विषय नव्हे. ते काम करणारे इंजिनिअर इंग्रजीत वाचतात आणि वाचत राहतील.

पण पतसंस्थेचा कारकून, बचत गटाची खजिनदार, छोटा दुकानदार, गणेशोत्सव मंडळाचा हिशेब ठेवणारा कार्यकर्ता यांचे तसे नाही. त्यांना हिशेब येतो, इंग्रजी पुस्तिका येत नाही. ग्नूकॅशच्या पडद्यावरील शब्दांच्या भाषांतरात मराठी आहे, गुजरातीही आहे. पण द्विनोंदी पद्धत पहिल्यापासून समजावणारी त्याची जी मार्गदर्शिका आहे, ती यांपैकी एकाही भाषेत नाही. म्हणजे दुकानाची पाटी मराठीत आणि आत गेल्यावर सर्व कारभार परभाषेत. वाचक इथे आहे. तेव्हा काम इथे आहे.

यंत्र मराठी लिहिते, मग आपण कशाला?

हा प्रश्न आमच्या घरातही विचारला गेला, आणि तो रास्त आहे. भाषांतराची यंत्रे झपाट्याने सुधारली आहेत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'भाषिणी' सुरू केले, त्यातही हेच काम चालते. आम्ही हिशेबावरची काही इंग्रजी वाक्ये अशा एका यंत्राला घालून पाहिली. पूर्ण वाक्याचे मराठी बरेच नीट आले. मग एकटे-एकटे शब्द घातले. 'इंटरेस्ट'चे झाले स्वारस्य, 'बॅलन्स'चे संतुलन, 'स्टेटमेंट'चे विधान, 'सिक्युरिटी'चे सुरक्षा. प्रत्येक उत्तर शब्दकोशात बरोबर आहे आणि बँकेच्या काउंटरवर चूक. आपल्याला व्याज, शिल्लक, उतारा आणि तारण हवे होते.

आणि सॉफ्टवेअरच्या भाषांतरात शब्द बहुधा असेच सुटे येतात. बटणावरचा एक शब्द, रकान्याच्या डोक्यावरचा एक शब्द. पुढेमागे वाक्य नसते. तिथे धंद्याची जाण असलेला माणूसच लागतो.

याचे एक उदाहरण सविस्तर देतो, कारण त्यात खरी गोम आहे. ग्नूकॅशमध्ये बँक खात्याच्या पानावर डावीकडे 'डिपॉझिट' आणि उजवीकडे 'विथड्रॉवल' असे रकाने दिसतात. एक पर्याय निवडला की त्याच रकान्यांवर हिशेबशास्त्राची नावे येतात: डावीकडे डेबिट, उजवीकडे क्रेडिट. आता भाषांतर करणाऱ्याने डिपॉझिटला 'जमा' लिहिले, कारण पासबुकात तसेच असते. आणि क्रेडिटलाही 'जमा' लिहिले, कारण पुस्तकात तसेच असते. दोन्ही बरोबर. पण मग पर्याय बदलताच 'जमा' हा शब्द डावीकडून उजवीकडे उडी मारतो, आणि बिचारी खजिनदार बाई डोक्याला हात लावून बसते. कारण साधे आहे: बँकेच्या वहीत जे जमा, ते आपल्या वहीत नावे. ज्याने आयुष्यभर पैसे घेऊन पावत्यांवर शिक्के मारले त्याला उपाय लगेच सुचेल. डिपॉझिटला 'भरणा' म्हणा, क्रेडिटला 'जमा' राहू द्या. काउंटरवर लोक 'पैशाचा भरणा करायचाय' असेच तर म्हणतात.

हा शब्द यंत्राने दिला नाही. पण आपण तो लिहून ठेवला तर उद्या यंत्रही तो शिकेल. आणि न लिहिला तर? २०२० मध्ये उघड झालेले स्कॉट्स विकिपीडियाचे प्रकरण पाहावे. ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन किशोराने अनेक वर्षे तिथे हजारो लेख लिहिले होते, इंग्रजी शब्दांना स्कॉट्सचा वेश चढवून. हेतू वाईट नव्हता. पण तपासणारे भाषिक हजर नव्हते, म्हणून चुकीचे लेखन त्या भाषेचा नमुना म्हणून जगापुढे राहिले. मेकर होता, चेकर नव्हता. आज एका बटणासरशी शंभर पाने लिहिणारा मेकर घरोघरी आला आहे. अशा वेळी चेकरची गरज कमी होत नाही, वाढते.

हे काम बडोद्याला नवे नाही

शब्दांचा प्रश्न आपल्या गावाने एकदा मोठ्या प्रमाणावर हाताळला आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ मध्ये, 'श्री सयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश बडोदे सरकारने प्रसिद्ध केला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती आणि इतर भाषांतले प्रतिशब्द एकाच ठिकाणी मांडलेले. ज्या राज्यात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालये उभारण्याचे काम हाती घेतले गेले, तिथे असा कोश निघणे साहजिक होते. वाचायला शिकवले, तर वाचायला आपल्या भाषेत काही हवे, आणि त्यासाठी शब्द हवेत.

आणखी एक गोष्ट त्या परंपरेतून घेण्यासारखी आहे. शब्द बनवणे आणि शब्द रुजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बँकेत आम्ही छापील फॉर्मवर 'धनाकर्ष' वर्षानुवर्षे पाहिले. एकाही ग्राहकाने तो शब्द उच्चारल्याचे आठवत नाही. ड्राफ्ट तो ड्राफ्टच राहिला. जमा, खर्च, हिशेब हे शब्दही अरबी-फारसीतूनच आले आणि आज त्यांच्याइतके मराठी काही वाटत नाही. म्हणून 'पासवर्ड' आणि 'प्रिंटर' यांना हात लावण्याची गरज नाही. पण जिथे आपला चालता शब्द आहे, जसे घसारा, मुद्दल, तारण, थकबाकी, भरणा, तिथे तो मागे पडू नये एवढेच.

महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी आहेत. पुण्यात रेड हॅटमधील मंडळींनी २००८ मध्ये 'फ्युएल' हा उपक्रम सुरू करून मेनूवर वारंवार येणारे शब्द जाणकारांनी एकत्र बसून ठरवण्याची पद्धत पाडली; त्यात मराठीही होती. म्हणजे पाया आहे. भिंती वर न्यायच्या आहेत.

मग आपण काय करावे?

आपल्याकडे एक संकोच असतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांपुढे बोलताना आपले मराठी गुजरातीमिश्रित आहे असे वाटून आपण दबकतो. २०१८ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय साहित्य संमेलन इथे भरले तेव्हाही तो संकोच जाणवला होता. या कामात मात्र तोच आपला गुण ठरतो. 'उधार' हा शब्द कुठे नावे होतो आणि कुठे उधारी, हे पुण्याच्या भाषांतरकाराला सांगावे लागेल, आपल्याला नाही. आपण एका बैठकीत मराठी यादी तपासू शकतो आणि शेजारच्या गुजराती मित्राबरोबर गुजराती यादीही.

तेव्हा सूचना साधी आहे. महिन्यातून एक बैठक, दोन तासांची. एका टेबलावर एक निवृत्त आणि एक विद्यार्थी. विद्यार्थ्याला गिटहब येते, दुरुस्ती पाठवायची रीत येते. आपल्याला शब्द येतात आणि हिशेब येतो. पहिले काम म्हणजे हिशेबाच्या शंभर शब्दांची यादी. दुसरे, ग्नूकॅशच्या मराठी पडद्यावरचे शब्द त्या यादीशी ताडून पाहणे आणि खटकेल ते कारणासह कळवणे. तिसरे, मार्गदर्शिकेचे पहिले प्रकरण मराठीत करणे. एवढेच, पण नीट. आणि मूळ पान बदलले की आपलेही बदलायचे, ही जबाबदारी आधीच वाटून घेऊन. यंत्राची मदत कच्च्या खर्ड्यासाठी खुशाल घ्यावी, पण दोन माणसांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक ओळही पाठवायची नाही.

विद्यार्थ्यालाही यातून मिळते. मुलाखतीत कुणी विचारले की तुझे योगदान काय, तर त्याला सांगता येईल: एक शब्द दोन रकान्यांत उडी मारत होता, तो का आणि कसा थांबवला. हिरव्या चौकोनांच्या तक्त्यापेक्षा हे उत्तर भारी आहे.

ज्यांना यात यावेसे वाटते त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावे. संगणक येत नसला तरी हरकत नाही. खतावणी येत असावी.